राख नव्हे हो, काच!

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. भांडण एका शब्दाशी आहे, आणि त्या शब्दाच्या जिवावर अक्कल पाजळणाऱ्यांशीही आहे. शब्द आहे 'राख'.

आपल्या मनाला राखेचे भय वाटत नाही. वाटणार तरी कसे? आमच्या पिढीने लहानपणी राखुंडीने दात घासले. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने लख्ख केली. कडधान्याला कीड लागू नये म्हणून त्याला राख चोळून ठेवायची पद्धत घरोघरी होती. चुलीतली उरलेली राख परसातल्या अळवाला नि केळीला जाई. कपाळाला लावायचा अंगारा म्हणजे राखच. आणि माणूस गेल्यावर शेवटी उरते तीही राखच. थोडक्यात काय, तर आपल्या लेखी राख म्हणजे विस्तवाचे भय संपल्यावर मागे राहिलेली, निवलेली, बिचारी वस्तू.

म्हणून 'ज्वालामुखीची राख' असे शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांपुढे चुलीतलीच राख येते, फक्त जरा जास्त! सगळा घोटाळा इथेच आहे.

२३ नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट आठवत असेल. इथिओपियाच्या ईशान्येला अफार नावाचा रखरखीत प्रदेश आहे. तिथला हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी त्या रविवारी फुटला. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत तो फुटल्याची कुठे नोंद नव्हती, त्यामुळे बाहेरच्या जगाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच गेला. वरच्या वाऱ्यांनी तो तांबड्या समुद्रावरून येमेन, ओमान आणि अरबी समुद्र ओलांडून २४ तारखेच्या रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीपर्यंत आणला आणि पुढे चीनच्या दिशेने नेला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सूचना दिल्या: राखेचा पट्टा टाळा, तशी उंची टाळा, इंजिनाच्या कामात काही वेगळे जाणवले किंवा विमानात धूर वा वास आला तर लगेच कळवा. काही उड्डाणे रद्द झाली. आखाताकडे जाणारे एक विमान वाटेतून अहमदाबादला वळवले गेले. एअर इंडियाने त्या पट्ट्यावरून उडून आलेली विमाने तपासून घेण्यासाठी आपली काही देशांतर्गत उड्डाणेही रद्द केली.

झाले! दोन दिवस वाहिन्यांवर, व्हॉट्सॲपवर आणि आमच्या नातेवाइकांच्या गटातही मुक्ताफळांचा नुसता सडा पडला. ती सगळी गोळा केली तर तीन प्रकारात बसतात.

पहिले, "एवढ्याशा राखेने विमाने बंद? नुसता भित्रेपणा!"

दुसरे, "बघा, दिल्लीची हवा इथिओपियाने नासवली!"

तिसरे, जरा अभ्यासू थाटातले, "राख म्हणजे निसर्गाचे खतच, तिच्यापासून भले होते."

तिन्हींचे मूळ त्या एका भोळ्या शब्दात आहे. म्हणून आधी शब्दाचा निकाल लावू.

राख व्हायला काहीतरी जळावे लागते. लाकूड, गोवरी, कागद. ज्वालामुखीच्या 'राखेत' मात्र काहीही जळालेले नसते. गोटीसोड्याची बाटली हलवून गोटी दाबली की काय होते? आत कोंडलेला वायू सुटतो आणि फेस उसळतो. जमिनीखालच्या शिलारसातही वाफ आणि वायू असेच दाबाखाली विरघळलेले असतात. रस वर येतो, दाब एकदम कमी होतो, वायू फुगतात आणि त्या रसाच्या अक्षरशः ठिकऱ्या उडतात. त्या ठिकऱ्या हवेत क्षणार्धात थिजतात. इतक्या झपाट्याने थिजल्यामुळे त्यांची काच होते. काच, खनिजांचे कण आणि आसपासच्या खडकाचा भुगा, यातले दोन मिलिमीटरपेक्षा बारीक जे काही असेल त्याला शास्त्रज्ञ राख म्हणतात. चुलीतली राख बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ लागते. ही राख धारदार असते, पाण्यात विरघळत नाही, आणि पोलादी चाकूच्या पात्याच्या तोडीची कठीण असते. तेव्हा राख नव्हे हो, हा काचेचा चुरा आहे. उंच आकाशात तरंगणारा, शेकडो, कधी हजारो किलोमीटर प्रवास करणारा काचेचा चुरा.

आता पहिले मुक्ताफळ घेऊ, विमानांचे.

जेट इंजिन म्हणजे हवा खाणारा राक्षस. उड्डाण करताना मोठे इंजिन एका सेकंदाला शेकडो किलो हवा आत ओढते. हवेबरोबर हा काचेचा चुराही आत जातो. पुढची पाती त्याने घासली जातात, हा झाला पहिला मार. दुसरा मार त्याहून वाईट. ही काच साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि इंजिनाच्या ज्वलनकक्षातले तापमान त्याहून बरेच जास्त असते. म्हणजे चुरा आत वितळतो आणि पुढच्या, त्या मानाने थंड असलेल्या पात्यांवर जाऊन पाकासारखा चिकटतो. हवेच्या वाटा बुजतात. इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते विझते. वेग मोजण्याच्या नळ्या बुजतात, ते वेगळेच. समोरची काच पॉलिश कागदाने घासावी तशी पांढरी होते, ते आणखी वेगळे.

हे काही पुस्तकी भय नाही. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो जेट क्वालालंपूरहून पर्थकडे चालले होते. लंडनहून निघालेले हे विमान वाटेत आपल्या मुंबईला आणि मद्रासलाही थांबून गेले होते. जावाच्या दक्षिणेला ३७ हजार फुटांवर असताना समोरच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या, आत गंधकाचा वास आणि धूर भरला, आणि एकामागोमाग एक चारही इंजिने बंद पडली. चारही! विमानात २६३ माणसे. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितले की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिने थांबली आहेत, आणि ती सुरू करण्याची आम्ही शिकस्त करत आहोत. (या माणसाच्या धीराला माझा नमस्कार.) विमान घसरगुंडीसारखे खाली येत साधारण १३ हजार फुटांवर आले, तेव्हा कुठे इंजिने पुन्हा सुरू होऊ लागली. का? तर विझलेली इंजिने गार पडली, आत चिकटलेली काच कडक होऊन तडकली आणि तिचे कपचे उडून गेले. जाकार्ताला उतरताना वैमानिकांना समोरचे नीट दिसत नव्हते, काचेच्या कडेला उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून पाहून त्यांनी विमान उतरवले. नंतर उलगडा झाला की जावातला गालुंगगुंग ज्वालामुखी फुटला होता आणि विमान थेट त्याच्या राखेत शिरले होते. तीन आठवड्यांच्या आत त्याच ज्वालामुखीच्या राखेत सिंगापूर एअरलाइन्सचे एक जंबोही सापडले.

पुढे १५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात तीच कथा. ॲमस्टरडॅमहून ॲंकरेजला येणारे केएलएमचे जंबो रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत शिरले. विमान जेमतेम सहा महिने वापरलेले, म्हणजे अगदी नवे कोरे. त्याचीही चारही इंजिने विझली. ते १४ हजार फुटांहून अधिक खाली आले आणि मग सावरले. २४५ माणसे वाचली, पण चारही इंजिने बदलावी लागली आणि नुकसान सुमारे आठ कोटी डॉलरचे झाले.

यावर हुशार मंडळी म्हणतात, "पण कोसळले का एकही?" नाही. ज्वालामुखीच्या राखेने प्रवासी विमान कोसळून माणसे दगावल्याची नोंद आजवर नाही. मात्र यातून निष्कर्ष काय काढायचा? गावात देवीची साथ येत नाही म्हणून देवीची लस फुकट गेली, असे म्हणण्यासारखे हे झाले. या प्रसंगांनंतर जगाने शहाणे होऊन नऊ केंद्रे उभारली. जगातला प्रत्येक स्फोट उपग्रहातून पाहायचा, राख कुठे, किती उंचीवर, कोणत्या दिशेने चालली आहे ते सांगायचे, एवढेच त्यांचे काम. हायली गुब्बीच्या वेळी फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राने अशाच सूचना दिल्या होत्या. विमाने कोसळली नाहीत ती राख गरीब आहे म्हणून नव्हे, तर कुणीतरी रात्रभर पडद्यासमोर डोळे लावून बसतो म्हणून.

माझा एक भाचा आखातात नोकरी करतो. त्या नोव्हेंबरात त्याचे मुंबईहून जाणारे विमान रद्द झाले. विमानतळावरून त्याचा फोन आला, आवाज तापलेला.

"मावशी, अगं आकाश लख्ख स्वच्छ आहे. एक ढग नाही. आणि म्हणे राख!"

मी म्हटले, "अरे, दिसत नाही म्हणूनच थांबवलंय. दिसली असती तर वैमानिकानेच वळसा घातला नसता का?"

यात मी काही मोठे सांगितले असे नाही, पण मुद्दा तोच आहे. विमानातले हवामानाचे रडार पावसाचे थेंब ओळखते. राखेचे कण त्याच्या मानाने फार बारीक, ते त्याला दिसत नाहीत. रात्री माणसाच्या डोळ्यालाही दिसत नाहीत. १९८२ च्या त्या वैमानिकांच्या रडारवर आकाश निर्मळच होते. भाच्याची दुसरी तक्रार मात्र मला शंभर टक्के पटली. त्या विमानकंपनीने चार तास कुणाला धड काही सांगितले नाही, लेकुरवाळ्या बायकांना साधे पाणी विचारले नाही. यावर भांडावे, खुशाल भांडावे. पण थांबवले म्हणून भांडू नये. या दोन गोष्टी आपण एकाच रागात कालवतो, आणि त्यामुळे ज्याला शाबासकी द्यायची त्यालाच शिव्या बसतात.

२०१० चे उदाहरण पुढे करणारेही पुष्कळ आहेत, त्यांनाही उत्तर द्यायला हवे. त्या वर्षी १४ एप्रिलला आइसलँडमधला एयाफ्यातलायोकुत्ल हा हिमनदीखालचा ज्वालामुखी जोरात उसळला. (हे नाव फळ्यावर लिहून वर्गाकडून म्हणवून घ्यायला मला फार आवडले असते!) शिलारसाला बर्फाचे पाणी भेटले, त्यामुळे राख फारच बारीक झाली आणि वारा युरोपकडे होता. सहा-सात दिवस युरोपचे आकाश बहुतांशी बंद राहिले. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द, एक कोटीच्या आसपास प्रवासी अडकलेले, विमानकंपन्यांचे नुकसान त्यांच्याच जागतिक संघटनेच्या हिशेबाने सुमारे १७० कोटी डॉलर. केनियातल्या शेतकऱ्यांची युरोपला जाणारी फुले जागेवर सडली. कंपन्यांनी ओरड केली की सरकारे घाबरली, आमची चाचणीची विमाने सुखरूप उडून आली.

त्यांच्या म्हणण्यातला एक भाग रास्त होता. तोवर नियम असा होता की राख आहे ना, मग उडायचे नाही. किती राख चालेल याचा आकडाच कुणी ठरवला नव्हता, इंजिने बनवणाऱ्यांनीही नाही. त्या गोंधळातच तो आकडा ठरवावा लागला. एका घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमपर्यंत राख असेल तर काळजीपूर्वक उडता येईल, असे ठरले आणि आकाश उघडले. हे आधीच व्हायला हवे होते, हे कबूल. पण म्हणून बंदी खुळचट ठरते का? त्याच दिवसांत फिनलंडच्या हवाईदलाची लढाऊ विमाने सरावाला गेली होती. ती परत आल्यावर तपासली तर इंजिनात वितळून चिकटलेली राख सापडली. पुढच्या वर्षी डेन्मार्क आणि आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी ती राख प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष छापला, की कण अणकुचीदार आणि कठीण होते आणि विमाने थांबवण्यामागची भीती साधार होती. ओरड झाली ती पहिल्या पानावर. हा निष्कर्ष किती जणांनी वाचला?

आता दुसरे मुक्ताफळ, दिल्लीचे. याचा तर मला खरोखर राग येतो. हायली गुब्बीचा ढग आला तो कित्येक हजार फुटांवरून, विमाने उडतात त्या उंचीवरून, आणि एक-दोन दिवसांत निघूनही गेला. दिल्लीकर श्वास घेतात तो जमिनीलगतच्या हवेत. हिवाळ्यात ही खालची गार हवा झाकण घातल्यासारखी कोंडून राहते आणि तिच्यात वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, कारखाने, जाळलेला कचरा असे सगळे साठत जाते. ढग यायच्या आधी कित्येक दिवस दिल्लीची हवा 'अतिशय वाईट' याच रकान्यात होती आणि ढग गेल्यावरही ती काही हिमालयासारखी झाली नाही. मग चार हजार किलोमीटरवरच्या डोंगरावर खापर फोडून आपण काय मिळवले? शेजाऱ्याच्या नावाने बोटे मोडली की आपले अंगण झाडावे लागत नाही, एवढेच. गंमत बघा, विमान थांबले तेव्हा हीच राख 'एवढीशी' होती आणि दिल्लीचा हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा तीच 'केवढी मोठी' झाली!

राख श्वासात गेली तर काय होते, हे विचारायचे असेल तर जे खरोखर तिच्याखाली राहतात त्यांना विचारावे. अमेरिकेत १८ मे १९८० ला माउंट सेंट हेलेन्स फुटला, त्यात ५७ माणसे गेली. त्यांतली पुष्कळशी राखेने श्वासनलिका भरून, गुदमरून गेली. कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराट बेटावर १९९५ पासून अनेक वर्षे ज्वालामुखी धुमसत राहिला. बेटाची राजधानी प्लिमथ राख आणि चिखलाखाली गाडली गेली आणि जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांना बेट सोडावे लागले. तिथल्या राखेत स्फटिकरूप सिलिकाचे बारीक कण मोठ्या प्रमाणात आढळले. खाणीत आणि दगड फोडण्याच्या कामात माणसांना जो सिलिकोसिस होतो, तो याच जातीच्या धुळीने. चार मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसांच्या अगदी तळापर्यंत जातात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एखाद्या दिवसाच्या राखेने निरोगी माणसाला सिलिकोसिस होत नाही, हेही सांगायला हवे. पण दमेकऱ्याला तो एक दिवसही जड जातो. डोळ्यात गेलेली राख चोळली तर बुबुळावर ओरखडे उठतात. आणि तोंडाला ओला रुमाल बांधला की झाले, हा समजही खरा नाही. तपासणीत ओल्या कापडाने कोरड्यापेक्षा जास्त कण अडत नाहीत असेच दिसले आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. करोनाने आपल्याला निदान तेवढी ओळख करून दिली आहे.

राहिले तिसरे, खताचे. जावातली भातखाचरे ज्वालामुखीच्या मातीवर पिकतात हे खरे. आपला सह्याद्रीही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच, त्याच्या झिजण्यातून आपली काळी कसदार माती झाली, हेही खरे. पण ही माती व्हायला जो काळ लागतो तो कुणी मोजायचा? राख पडते तेव्हा पहिल्या हंगामात ती पिकाची पाने झाकते, विहिरी आणि ओढे गढूळ करते, गवतावर बसते. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा, वायू आणि राख निघत राहिली. त्यातल्या फ्लोरिनने गवत विषारी झाले. बेटावरच्या सुमारे ऐंशी टक्के मेंढ्या आणि निम्मी गुरे मेली. मागोमाग दुष्काळ आला आणि लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा संपला. मेलेल्यांना "पुढे शंभर वर्षांनी माती छान होईल हो!" असे कुणी सांगायचे?

आणि वजन! चुलीची राख फुंकरीने उडते. ही राख दहा सेंटिमीटर साचली आणि वर पाऊस पडला, की छपराच्या एकेका चौरस मीटरवर शंभर किलोहून अधिक भार येतो. फिलिपिन्समध्ये १५ जून १९९१ ला पिनातुबो फुटला आणि नेमके त्याच दिवशी चक्रीवादळही आले. भिजलेल्या राखेने घरांची छपरे कोसळून सुमारे तीनशे माणसे मेली. मात्र शास्त्रज्ञांनी आधीच इशारा दिला होता आणि हजारो लोकांना हलवले होते, म्हणून तो आकडा तेवढ्यावर राहिला. हलवताना तिथेही कुणी ना कुणी "एवढी काय घाई" म्हणालेच असेल.

आता हायली गुब्बीकडे परत चला. त्या दोन दिवसांत आपण बातम्यांत काय पाहिले? रद्द झालेली विमाने, विमानतळावरच्या रांगा, दिल्लीचे धुरकट आकाश. अफारमधले अफदेरा गाव आणि आसपासच्या वस्त्या राखेखाली झाकल्या गेल्या होत्या. माणसे दगावल्याची बातमी नव्हती, म्हणून कॅमेरे तिकडे वळले नाहीत. पण तिथले लोक शेळ्या-मेंढ्या आणि उंटांवर जगतात. आधीच विरळ असलेले गवत राखेखाली गेले, जनावरांनी खायचे काय? ज्यांनी आयुष्यात विमानात पाऊल ठेवले नाही त्यांच्या कुरणावर जे पडले त्याच्या मानाने आपला चार तासांचा खोळंबा म्हणजे काय? राख शब्द आपल्याला फसवतो तो असा दोन्हीकडून. वर ती विमानाला काय करते ते कळू देत नाही आणि खाली ती गरिबाला काय करते तेही कळू देत नाही.

"आपला काय संबंध" असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी नावाचे गाव आहे. तिथे नदीच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर सापडलेला आहे. ही राख सह्याद्रीची नव्हे. ती आली तीन हजार किलोमीटरहून लांबच्या, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. ती टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली की त्याहून कितीतरी जुन्या स्फोटातली, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण ती समुद्र ओलांडून आपल्या कुकडीपर्यंत आली, यात वाद नाही. आणि अंदमानजवळचे बॅरन बेट तर आपल्याच देशातले, १९९१ पासून ते अधूनमधून जागे होतच आहे. तेव्हा ही काही फक्त दुसऱ्यांच्या घरची गोष्ट नाही.

शब्द बदला, असा माझा आग्रह नाही. 'पाषाणचूर्ण' किंवा 'काचरज' असे काही सुचवले तर आमचे भाषाप्रेमी खूश होतील आणि बाकीचे हसतील. रुळलेला शब्द राहू द्या. फक्त मुलांना शिकवताना, बातमी देताना, किंवा निदान पुढच्या वेळी एखादा विनोद पुढे ढकलताना एवढे सांगा की यात जळालेले काही नाही, ही काच आहे. आणि ज्या कुणी अनोळखी माणसाने ती न दिसणारी काच वेळीच ओळखून तुमचे विमान जमिनीवर ठेवले, त्याला भित्रा म्हणू नका. विमानकंपनीकडून पाणी हक्काने मागा, जेवण मागा, खरी माहिती मागा, पैसे परत मागा. उड्डाण तेवढे मागू नका.